जबड्याच्या ऑपरेशननंतर नुसत्या पातळ खाण्यावर तग कसा धरायचा?

चावता_येईना
मंडळी, पुढच्या महिन्यात माझ्या दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन ठरलंय. वरचा थोडा पुढे घेणार, खालचा मागे, टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रू लावून बसवणार. सर्जन म्हणाले तोंड तारांनी बांधणार नाही पण रबरं असतील, पहिले दोन आठवडे फक्त पातळ आणि त्यानंतर साधारण सहा आठवडे होईपर्यंत चावायला न लागणारं मऊ. हातात जो कागद दिलाय त्यावर "दूध, ज्यूस, सूप, आइस्क्रीम" एवढंच लिहिलंय. आता मी मुळातच काडीपैलवान, त्यात ज्यूस आणि सूपवर दोन महिने काढायचे म्हटलं तर आरशात दिसेन की नाही शंकाच आहे. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, नक्की काय खाल्लं, कसं खाल्लं, घरच्यांनी काय तयारी करून ठेवावी. "काळजी घ्या, होईल सगळं नीट" सोडून काहीही चालेल.

फक्त_वाचक
काळजी घ्या, होईल सगळं नीट.
(सॉरी, राहवलं नाही. धागा वाचतोय, भावाचं पण हेच ठरतंय.)

गाळणीवाली
माझंही दोन्ही जबड्यांचंच झालंय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की पोट भरणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं. एक वाटी पातळ भाजीचं सूप प्यायलात तर पोट टम्म होतं पण त्यात धड ५० कॅलरी पण नसतात. आणि सुरुवातीला एक ग्लास काहीतरी संपवायला अर्धा तास जातो, ओठ साथ देत नाहीत, वरच्या जबड्याच्या ऑपरेशनमुळे नाक चोंदलेलं असतं त्यामुळे प्यायचं आणि श्वास घ्यायचा दोन्ही तोंडानेच, मग एक घोट, थांबा, श्वास, परत एक घोट असं चालतं. एवढी मेहनत करून आत पाणीच जाणार असेल तर काय उपयोग? म्हणून प्रत्येक घोटात माल पाहिजे.

सगळ्यात सोपी युक्ती दुधाची पावडर. एक लिटर फुल क्रीम दुधात १०० ग्रॅम बिनसायीच्या दुधाची पावडर फेटून ठेवायची. साध्या दुधाच्या ग्लासात (२५० मिली) साधारण ८ ग्रॅम प्रोटीन आणि १५५ कॅलरी असतात, या दुधाच्या ग्लासात तेच १७ ग्रॅम आणि २४५ च्या आसपास जातं आणि चवीत फार फरक पडत नाही. पावडर थंड दुधात फेटायची, गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात. मग घरात जिथे जिथे दूध किंवा पाणी वापरलं जाईल तिथे हेच वापरायचं. कॉफी, ओट्स, सूप, कुस्करलेला बटाटा, सगळ्यात.

माझा ठरलेला शेक म्हणजे वरचं दूध एक ग्लास, एक केळं, एक मोठा चमचा पीनट बटर (दाणेदार नाही, एकदम गुळगुळीत). साधारण ४४० कॅलरी आणि २० च्या वर प्रोटीन. असे दिवसातून दोन झाले की निम्मं काम झालं.

खाण्याच्या वेळा मात्र तीन ठेवू नका. सहा-सात वेळा थोडं थोडं. अलार्म लावा, कारण भूक लागतच नाही, औषधांनी मळमळतं आणि खायला बसायचं म्हणजे एक कामच वाटतं.

शंकेखोर
एवढं कॅलरी मोजायचं काय आहे? आमच्या ओळखीत एकाचा जबडा मोडला होता, त्याला घरच्यांनी रोज हाडांचं सूप पाजलं, ठणठणीत झाला. हाडांना हाडं.

आहारशास्त्री_मी
हाडांच्या सूपला विरोध नाही, गरम गरम (म्हणजे कोमट!) बरं वाटतं, मीठ-पाणी पण जातं पोटात. पण त्यात जे प्रोटीन उतरतं ते मुख्यतः जिलेटिन, आणि जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे एक आवश्यक अमिनो आम्ल जवळपास नसतंच, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या जिवावर जखम भरायची अपेक्षा ठेवू नये. त्यातच शिजवलेलं चिकन किंवा मसुराची डाळ वाटून घातली तर ते जेवण झालं. तुमच्या ओळखीतल्यांना सूपाबरोबर बाकीचंही मिळत असणार, नाहीतर ठणठणीत झाले नसते.

धागाकर्त्यासाठी ढोबळ हिशोब देते. ऑपरेशननंतरच्या काळात दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रोटीन. बारीक माणसाने वरच्या आकड्याकडे बघावं. थोडं वजन जवळपास सगळ्यांचंच उतरतं, त्याने घाबरू नका, पण महिन्याभरात ५ टक्क्यांहून जास्त गेलं तर गंमत नाही, डॉक्टरांना सांगायचं. आठवड्यातून दोनदा एकाच वेळी वजन करा, रोज नको, रोज केलं की नुसता जीव टांगणीला.

पाणी वेगळं मोजा. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय. आणि हो, डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल तर वरचे शेक आणि प्रोटीनचे आकडे आपल्या मनाने घेऊ नका, पातळ गोड पदार्थाने साखर भराभर वर जाते. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

निमूट
दूध पचत नाही त्यांनी काय करायचं?

आहारशास्त्री_मी
@निमूट, लॅक्टोज काढलेलं दूध मिळतं. दही बऱ्याच जणांना चालतं. दूधच नको असेल तर सोयाचं दूध घ्या, त्यात गाईच्या दुधाच्या जवळपास प्रोटीन असतं. बदामाच्या दुधावर विसंबू नका, बाजारातल्या बहुतेक पॅकमध्ये एका ग्लासाला एखाद-दोन ग्रॅम प्रोटीन, बाकी पाणीच. एकदम मऊ, रेशमी टोफू मिळतो तो सूपात किंवा शेकमध्ये वाटला की चवीत पत्ताही लागत नाही.

वायरमन
नावावरून कळलं असेलच. माझा अपघातात खालचा जबडा मोडलेला आणि तोंड खरोखर तारांनी बांधलेलं होतं, त्यामुळे माझा अनुभव थोडा कडक आहे, धागाकर्त्याला रबरं आहेत म्हणजे सुखी माणूस.

ज्यांचं तोंड तारांनी बंद आहे त्यांनी वायर कटर कायम जवळ ठेवायचा, उशाशी, खिशात, गाडीत, आणि नुसता ठेवून उपयोग नाही तर नक्की कुठल्या तारा कापायच्या ते सर्जनकडून घरातल्या एकाला तरी दाखवून घ्यायचं. रबरं असतील तर छोटी कात्री. सगळ्यांना भीती असते ती उलटीची. झालीच तर आडवं पडून राहायचं नाही, उठून पुढे वाकायचं, गाल बोटांनी बाजूला ओढायचे, पोटात सगळं पातळच असतं त्यामुळे ते दातांच्या फटीतून आणि नाकातून बाहेर येतं. घाण वाटतं पण येतं. कटर हा श्वास अडकला तरचा उपाय, नुसतं मळमळलं म्हणून तारा कापत सुटायचं नाही. मळमळीचं औषध आधीच मागून घ्या. आणि सोड्याची, गॅसची पेयं बंद म्हणजे बंद, ढेकर आणि उलटी दोन्हीला आमंत्रण.

बाकी गाळणीवाली ताईंच्या शेकबद्दल आदर राखून सांगतो, दुसऱ्या आठवड्यात मला गोड या गोष्टीचा इतका वीट आला की केळं नुसतं दिसलं तरी उमासे यायचे. चॉकलेट, व्हॅनिला, आंबा, सगळं एकसारखंच लागतं. सगळे लोक ऑपरेशनच्या आधी गोड डब्यांचा साठा करतात आणि मग ते डबे पाहुण्यांना पाजतात. तिखटमिठाचं काय ते आधी शोधून ठेवा!

काळजीवाहू_नवरा
+१ वायरमन. तिखटमिठाचं खातं आमच्या घरी माझ्याकडे होतं, बायकोचं ऑपरेशन आणि स्वयंपाकी मी, त्यामुळे हे वाचून थोडा शहाणपणा करतो.

नियम एकच, घरात बाकीच्यांसाठी जे होतंय तेच तिच्यासाठी मिक्सरमधून काढायचं, वेगळं "पेशंटचं" करायचं नाही. मसाला कमी, मीठ थोडं जपून (टाक्यांना झोंबतं), आंबट आणि तिखट सुरुवातीला नाहीच. पण कांदा लसूण व्यवस्थित परतून, मशरूम परतून, टोमॅटो भरपूर शिजवून, शेवटी चीज. तोंड बधिर असलं तरी या गोष्टींची चव पोचते, असं ती म्हणायची.

वाटताना पाणी घालून पातळ करायचं नाही, पातळ करायचंच तर ते पावडरवालं दूध किंवा ज्यात भाजी-चिकन शिजवलं तेच पाणी. एका वाडग्यात एक मोठा चमचा ऑलिव्ह ऑइल वाटतानाच घातलं की १२० कॅलरी वाढल्या, तेल वर तरंगत नाही, सूप उलट मखमली होतं. एक उकडलेलं अंडं त्यातच फिरवून टाकलं की ६ ग्रॅम प्रोटीन आणि कळतही नाही. कच्चं अंडं शेकमध्ये घालायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, ऑपरेशन झालेल्या माणसाला पोटाचं इन्फेक्शन म्हणजे वर सांगितलेली उलटी. व्हे प्रोटीनची पावडर उकळत्या सूपात टाकली की फाटल्यासारखी होते, कोमट झाल्यावर घाला.

बटाट्याचं लक्षात ठेवा. बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की त्यातला स्टार्च सुटून अक्षरशः खळ होते, चमच्याला धरून ताणली जाते, आणि सिरिंजमधून तर पुढेच सरकत नाही. बटाटा हाताने चाळणीतून दाबून काढायचा आणि मग गरम दुधात सैल करायचा. रताळं, गाजर, भोपळा, फ्लॉवर मात्र मिक्सरमध्ये मस्त होतात.

आणि गाळणी. गाळणी!! कितीही भारी मिक्सर असला तरी दोनदा गाळा. टोमॅटोच्या बिया, स्ट्रॉबेरीच्या बिया, मटारची सालं, चिकनचा धागा, यातलं काहीही ब्रेसेसच्या तारेत अडकतं किंवा टाक्यांवर जाऊन बसतं आणि मग जीभ पण तिथे पोचत नाही की ब्रश पण नाही. मोठ्या गाळणीत पळीच्या पाठीने गोल गोल घोटायचं, खाली जे उतरतं ते तिचं, वर राहिलेला चोथा माझ्या ताटात. गरम सूप फिरवताना भांडं अर्धंच भरा आणि झाकण घट्ट लावून फिरवू नका, वाफेने उडतं, वरचं छोटं झाकण काढून फडकं धरा.

रोज हे सगळं करत बसलात तर वेडे व्हाल, त्यामुळे एकदम मोठं पातेलं करून वाटीच्या मापाने फ्रीझ करा.

गाळणीवाली
नावाला शोभेल असा प्रतिसाद मी द्यायला हवा होता, तुम्हीच दिलात.

चावता_येईना
एवढं सगळं मिळेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार. आता प्रॅक्टिकल शंका. सिरिंज म्हणजे नक्की काय प्रकार असतो? आणि स्ट्रॉ चालते का?

गाळणीवाली
सिरिंज म्हणजे ५०-६० मिलीची जाड, सुईबिई नसलेली, पुढच्या टोकाला बोटभर मऊ रबरी नळी. हॉस्पिटलमधून निघतानाच दोन-तीन मागून घ्या, दट्ट्याचं रबर लवकर अडकायला लागतं, तेव्हा बदलायला दुसरी पाहिजे.

कसं घ्यायचं ते सांगते. सरळ ताठ बसायचं, आरसा समोर, गळ्याशी टॉवेल. मान मागे टाकायची नाही, ठसका लागतो. नळी दातांच्या मधे घुसवायची नाही, गालाच्या आतून मागे सरकवायची, शेवटच्या दाढेच्या मागे एक जागा असते तिथून पातळ आपोआप जिभेवर उतरतं. दट्ट्या एकदम दाबायचा नाही, एका वेळी चमचाभरच, गिळा, श्वास घ्या, मग पुढचा. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असते त्यामुळे हनुवटीवरून सूप ओघळून कॉलरमध्ये गेलं तरी कळत नाही, म्हणून आरसा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा हे सगळं अशक्य वाटेल, मग सूज उतरेल तसं पातळ कडांचा कप, नाहीतर केचपची असते तसली पिचकारी बाटली जमायला लागते.

स्ट्रॉ सर्जनला विचारा, मला सक्त नाही सांगितलेलं कारण ओढताना तोंडात जो दाब तयार होतो तो टाक्यांना बरा नाही, काही सर्जन थोड्या दिवसांनी परवानगी देतात. वरचा जबडा असेल तर नाक शिंकरणं पण बंद, शिंक आली तर तोंड जमेल तेवढं उघडं ठेवून.

फक्त_वाचक
गोळ्यांचं काय? कुटून घालायच्या का सूपात?

वायरमन
सगळ्या कुटायच्या नाहीत! हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या असतात, किंवा आतड्यात जाऊन विरघळाव्यात म्हणून आवरण असतं, त्या कुटल्या की डोस एकदम सुटतो किंवा पोटाला त्रास. डिस्चार्जच्या आधीच सांगा की सगळी औषधं पातळ स्वरूपात लिहून द्या, बरीचशी मिळतात. जी मिळत नाही ती फार्मासिस्टला विचारून. आणि सूपाच्या अख्ख्या वाडग्यात नको, पूर्ण संपलं नाही तर औषध पण अर्धंच गेलं. दोन चमचे पाण्यात.

लेकीची_आई
मुलीचं झालं तेव्हा खाण्यापेक्षा पोट साफ न होण्यानेच जास्त छळलं. वेदनाशामक जोरदार, हालचाल नाही, आणि सगळं गाळलेलं म्हणजे चोथा शून्य. सुकवलेले प्लम रात्री भिजवून, वाटून, गाळून सकाळी कोमट पाण्यातून द्यायचे, ओट्स चांगले शिजवून वाटून द्यायचे, आणि घरातल्या घरात चालायला लावायचं. ओट्स वाटून ठेवले तर थोड्या वेळाने घट्ट होतात, परत दूध घालावं लागतं.

दुसरं म्हणजे दात. दिवसभर दुधाचं आणि गोडाचं तोंडात येजा, वर ब्रेसेस, म्हणजे कीड लागायला आयतं रान. प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याची चूळ (जोरात खुळखुळवायचं नाही, नुसतं डोकं इकडे तिकडे कलवायचं), आणि सर्जनने हो म्हटलं की लहान बाळाचा मऊ ब्रश. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश देतात त्याने दात तपकिरी दिसायला लागतात आणि चव बिघडते, मुलगी रडलीच होती, डेंटिस्टकडे स्वच्छ करून घेतलं की जातं ते.

शंकेखोर
हाडांच्या सूपाचा मुद्दा सोडला. पण सहा आठवडे वगैरे जरा जास्त नाही वाटत? प्लेट-स्क्रू लावलेत म्हटल्यावर हाड धरलेलंच आहे की. दुखत नसेल तर चावायला काय हरकत?

गाळणीवाली
@शंकेखोर, प्लेट हाडाचे तुकडे जागेवर धरून ठेवते, जोडते ते शरीरच, आणि त्याला वेळ लागतोच. शिवाय "दुखत नाही" याला अर्थ नाही कारण खालच्या जबड्यातली नस दुखावलेली असते, अर्धा भाग बधिर, दुखणार कुठून? सूज गेली की माणूस बरा दिसायला लागतो, पार्टीला जातो आणि मग "एवढासाच तुकडा" सुरू होतं. तेव्हाच जपायचं.

मऊचा टप्पा सुरू झाला की माझी परीक्षा अशी की घास जिभेने टाळूवर दाबला आणि विरला तर चालेल, नाहीतर ताटात परत. काट्याने दाबून बघितलं तरी कळतं. मऊ फेटून शिजवलेलं अंडं, पिकलेलं केळं, मऊ चीज, गिचका शिजवलेला भात डाळीबरोबर, वाफवलेला मासा बारीक सुटा करून (काटे दोनदा बघून), गरजेपेक्षा जास्त शिजवलेला बारीक पास्ता. ब्रेड फसवा आहे हं. हाताला मऊ लागतो पण तोंडात त्याचा गोळा होऊन टाळूला चिकटतो आणि गिळायला चावावाच लागतो. दुधात किंवा सूपात पूर्ण भिजवून घेतला तरच.

आणि चावायची परवानगी मिळाली तरी पहिल्या दिवशी दोन घासांत जबडा दमतो, तोंड बोटभर उघडतं, त्याचे व्यायाम देतात ते टाळू नका. त्या काळात एक वेळचं जेवण मऊ आणि दोन शेक असं चालू ठेवलं तर वजन घसरत नाही, बरेच जण घन खाणं सुरू झालं म्हणून शेक बंद करतात आणि तिथेच वजन उतरतं कारण खाणं अजून चिमणीएवढंच होत असतं.

काळजीवाहू_नवरा
अवांतर: आम्ही पहिले काही दिवस तिच्यासमोर जेवायचं टाळत होतो, लपूनछपून किचनमध्ये उभ्याने. तीच एकदा भडकली, म्हणाली मी काय उपास करत नाहीये, माझा वाडगा घेऊन टेबलवर बसते, तुम्ही नीट बसून जेवा. त्यानंतर तिचं खाणं वाढलं, गप्पांमध्ये वाडगा संपायचा. चिडचिड होते हे मात्र घरच्यांनी गृहीत धरावं, भूक आणि औषधं दोन्ही बोलत असतात.

चावता_येईना
वाचनखूण साठवली, बायकोला पण लिंक पाठवली. यादीत गाळणी, सिरिंज, दुधाची पावडर, छोटी कात्री. गोड डबे रद्द. आता शेवटचा आणि माझ्यासाठी सगळ्यात गंभीर प्रश्न, सकाळची कॉफी मिळणार का?

गाळणीवाली
सर्जनने पातळ सुरू करा म्हटलं आणि मळमळ नसली की मिळेल, पण वाफाळती नाही. ओठ बधिर असताना भाजलं तरी कळत नाही, फोड आल्यावर कळतं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा, तिथे कोमट लागली की प्यायची. पावडरवाल्या दुधात करा.

वायरमन
आणि साखर घालू नका, विश्वास ठेवा.